ओढ्यात घाण जाऊ नये म्हणून रहिवाशाने आधी काय करावे? काही पर्यायांची तुलना

घरातून निघणारे पाणी बहुधा दोन वाटांनी जाते. मोरी, बेसिन आणि संडास यांचे पाणी मलनिस्सारण वाहिनीतून प्रक्रिया केंद्राकडे जाते; गच्ची, अंगण आणि रस्त्यावरचे पाणी मात्र पावसाळी गटारातून, बहुतेक ठिकाणी कसलीही प्रक्रिया न होता, जवळच्या ओढ्यात किंवा नदीत उतरते. काही जुन्या शहरांत दोन्हींसाठी एकच वाहिनी असते आणि मोठ्या पावसात ती तुंबली की मैलापाणीही नदीत जाते. म्हणून कोणताही उपाय निवडण्यापूर्वी आपल्या दारातील जाळीखालचे पाणी पुढे कुठे जाते, हे पालिकेकडे विचारून घ्यावे. खालील तुलना या उत्तरावर अवलंबून आहेत.

पहिला प्रश्न गाडी धुण्याचा. फरसबंद अंगणात गाडी धुणे सोयीचे असले, तरी साबण, तेलाचा अंश आणि ब्रेकमधून झिजलेल्या धातूंची पूड या पाण्याबरोबर थेट गटारात जाते. तीच गाडी माती किंवा गवत असलेल्या जागी धुतली, तर पाणी जिरते आणि मातीतील जिवाणू साबणाचे बरेचसे विघटन करतात. मात्र ती जागा विहिरीजवळ किंवा ओढ्याकडे उतरणाऱ्या उतारावर नसावी. तिसरा पर्याय वॉशिंग सेंटरचा. तिथले पाणी मलनिस्सारण वाहिनीत जात असेल किंवा गाळून पुन्हा वापरले जात असेल, तर तो तिन्हींत उत्तम. तसे नसेल, तर आपण घाण केवळ दुसऱ्याच्या दारात नेतो, एवढेच.

येथे अनेकजण चौथी पळवाट काढतात: ‘जैवविघटनशील’ साबण वापरून अंगणातच गाडी धुणे. त्यात बराच आत्मसंतोष आहे. हे विशेषण मिळवण्यासाठी प्रचलित असलेल्या चाचणीची मुदत २८ दिवसांची असते, आणि गटारातून ओढ्यापर्यंतचा प्रवास अनेकदा काही मिनिटांचा. शिवाय विघटन करताना जिवाणू पाण्यातील विरघळलेला प्राणवायू वापरतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला गोड्या पाण्यात तो फार तर ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, आणि पाणी तापले की त्याहूनही कमी. माशांच्या कल्ल्यांना फेसाळ द्रव्यांमुळे होणारी इजा साबण विघटनशील असल्याने तत्काळ थांबत नाही. अशा साबणाचा उपयोग मातीवर धुताना आहे, फरशीवर नाही.

दुसरी तुलना फॉस्फेटरहित डिटर्जंट आणि बागेतील खताची कपात यांच्यातील. दोन्हींमागचे कारण एकच आहे, ते म्हणजे फॉस्फरस, ज्याला शेतकरी स्फुरद म्हणतात. १९७३ मध्ये कॅनडातील एका प्रायोगिक तलावाचे पडदा लावून दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन आणि नत्र, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घालण्यात आला; हिरवेगार शेवाळ या दुसऱ्या भागातच माजले. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ रोखून धरणारा घटक बहुधा हाच असतो, हे तेव्हापासून ठळक झाले. आता निवड: ज्याच्याकडे बाग आहे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते, त्याने आधी खत आवरावे, कारण बागेतील खत पावसाबरोबर प्रक्रियेविना वाहते, मातीपरीक्षण न करता स्फुरद टाकूच नये आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर कोणतेच खत घालू नये. ज्याचे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात जाते, त्याच्यासाठी डिटर्जंट बदलणे अधिक महत्त्वाचे. प्रक्रिया केंद्र असले, तरी साध्या पद्धतीच्या केंद्रात फॉस्फरसचा काही भागच निघतो, हेही लक्षात असावे.

छपरावरचे पाणी अडवण्यासाठी पिंप घ्यावे की अंगणात उथळ वर्षाबाग (पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारा, झाडे लावलेला खळगा) करावी, या प्रश्नाचे उत्तर साध्या गणितातून मिळते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटर छपराखालचे २०० लिटरचे पिंप ४ मिलिमीटर पावसातच भरते, आणि पुढच्या सरीपूर्वी ते रिकामे केले नाही, तर ते असून नसल्यासारखे. ८ चौरस मीटरचा, १५ सेंटिमीटर खोल खळगा मात्र १,२०० लिटर पाणी धरतो आणि पाणी मुरत असल्याने आपोआप रिकामा होतो. फक्त जमीन मुरणारी हवी: हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, दिवसभरात तो रिता झाला नाही, तर ती जागा वर्षाबागेसाठी योग्य नाही. बाग घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर असावी. जमीनच नसलेल्यांना पिंपाखेरीज पर्याय नाही. त्यावर डास शिरणार नाहीत अशी बारीक जाळी असावी.

वापरलेल्या इंजिन ऑइलबाबत तुलनेला जागाच नाही: ते बंद डब्यात भरून ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे किंवा संकलन केंद्राकडे द्यावे, मोरी, गटार आणि माती, तिन्ही वर्ज्य.

नदीकाठच्या स्वच्छता मोहिमेत सकाळ घालवावी की हे घरगुती बदल करावेत, असेही विचारले जाते. मोहिमेत प्लास्टिक निघते, जे डोळ्यांना दिसते. साबण, खत आणि तेल हाताने वेचता येत नाही. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर मी घरातील बदल निवडेन.

ज्यांच्या घराला सेप्टिक टँक आहे, त्यांच्यासाठी मात्र वरचा सगळा क्रम बदलतो. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत आली की उपसा करावाच लागतो. तो टळला तर मैला शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो आणि पाणी जमिनीवर येऊन ओढ्याकडे वाहू लागते. अशा घराने गाडी कुठे धुवायची याचा विचार टाकी तपासून झाल्यावर करावा.