'लॉक': ८५ मिनिटांची फोन-अ-फ्रेंड

स्टीव्हन नाइटचा 'लॉक' (२०१३) बघायला बसण्याआधी या दिग्दर्शकाची दुसरी ओळख माहीत असलेली बरी. ४ सप्टेंबर १९९८ला ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झालेला 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?', म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'चा मूळ साचा, त्याने डेव्हिड ब्रिग्ज आणि माइक व्हाइटहिल यांच्यासोबत रचला. सिनेमा आणि खेळ एकाच डोक्यातून निघालेत हे दहाव्या मिनिटालाच जाणवतं. खुर्चीत अडकलेला एक माणूस, चेहऱ्यावर रोखलेले कॅमेरे आणि फोनच्या पलीकडे कोणीतरी, खेळातल्या 'फोन-अ-फ्रेंड'सारखं, जिथे अडलेला स्पर्धक मित्राला फोन करून उत्तर विचारतो.

त्या खेळातली कारागिरी प्रश्नांपेक्षा बक्षिसांच्या शिडीत आहे. मूळ शिडी १५ पायऱ्यांची, १०० पौंडांपासून १० लाखांपर्यंत. १,००० आणि ३२,००० या दोन पायऱ्यांवरची रक्कम पक्की, म्हणजे पुढे चुकलात तरी ती हातात राहते. प्रश्न आणि चारही पर्याय आधी दिसतात, खेळायचं की उठायचं हे मग ठरवायचं. ३२,००० जिंकल्यावरचा पुढचा प्रश्न फुकटचा: चुकलं तरी एक पौंड जात नाही. त्याच्या आधीचा मात्र महागात पडतो, कारण १६,००० हातात असताना चुकलात तर थेट १,०००वर. शेवटच्या प्रश्नाला ५ लाख हातात असतात. बरोबर आलं तर आणखी ५ लाख, चुकलं तर ४ लाख ६८ हजार गेले. म्हणजे उत्तराची खात्री साधारण ४८ टक्क्यांच्या वर असेल तर हिशेब खेळा म्हणतो, आणि पोट म्हणतं ऊठ. प्रेक्षक बघतात ते हेच भांडण.

म्हणूनच नंतरच्या दुरुस्त्या फसल्या. २००७मध्ये प्रश्न १२ केले, सुरुवात ५०० पौंडांवर आणली; माणूस खुर्चीत रुळायला लागणारा वेळच कापला गेला. २०१०मध्ये घड्याळ लावलं. ते तर उघड नुकसान, कारण स्पर्धकाचं मोठ्याने चाललेलं 'हो-नाही, हो-नाही' हाच खरा कार्यक्रम होता. २०१८च्या पुनरागमनात १५ प्रश्न परत आले आणि दुसरी पक्की पायरी स्पर्धकाने स्वतः ठरवायची असा नियम आला. ही दुरुस्ती मात्र अस्सल, कारण तिने पेच वाढवला.

आता 'लॉक'. दुसऱ्या दिवशी पहाटे इमारतीच्या पायाचं अवाढव्य काँक्रीट ओतायचं आहे आणि आदल्या रात्री साइटचा प्रमुख आयव्हन लॉक बर्मिंगहॅमहून लंडनकडे गाडी हाणतो. का, ते सिनेमातच कळू द्या. पडद्यावर एकटा टॉम हार्डी. रूथ विल्सन, ऑलिव्हिया कोलमन, अँड्र्यू स्कॉट, टॉम हॉलंड हे सगळे फक्त आवाज. गाडी ट्रेलरवर चढवून महामार्गावर फिरवली, तीन कॅमेरे लावले आणि मोजक्या रात्रींत सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रित केला. समोरचे कलाकार खरोखरच फोनवर होते, त्यामुळे एकमेकांचं बोलणं तोडणं, अडखळणं खरं वाटतं. हार्डीला त्या दिवसांत सर्दी होती. तीही कथेत घेतली.

सर्वांत सरस भाग काँक्रीटचा आहे. रस्ते बंद करण्याची परवानगी, काँक्रीटच्या पंपापाशी प्रत्येक खेपेचा दर्जा तपासणं, पायाच्या साच्यातली सळई. हे सगळं लॉक फोनवरून घाबरलेल्या, थोडी चढवलेल्या सहकाऱ्याकडून करून घेतो. इथे 'फोन-अ-फ्रेंड'मधला मदत मागणारा आणि मदत करणारा यांची अदलाबदल होते, आणि नाइटला आपलं हत्यार किती नेमकं कळलंय ते दिसतं. स्पर्धकाला पैसे घेऊन उठता येतं; लॉकलाही यू-टर्न घेता येतो. तो घेत नाही, एवढीच गोष्ट.

खटकतं ते मागच्या रिकाम्या सीटवर 'बसलेल्या' मेलेल्या बापाशी त्याचं बोलणं. फोनवरच्या आवाजांतून जे आपसूक उमगलं होतं, ते इथे फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं होतं. काचेवरचे धूसर दिवेही तासाभराने तेच ते वाटू लागतात.

नाइटचे इतर सिनेमे बघायचे असतील तर त्याने फक्त लिहिलेले आधी घ्या: स्टीफन फ्रिअर्सचा 'डर्टी प्रिटी थिंग्ज' (२००२, पटकथेला ऑस्कर नामांकन) आणि डेव्हिड क्रोननबर्गचा 'ईस्टर्न प्रॉमिसेस' (२००७). जेसन स्टेथमला घेऊन केलेलं दिग्दर्शनातलं पदार्पण 'हमिंगबर्ड' (२०१३) ठीकठाक. 'सेरेनिटी' (२०१९) टाळला तरी चालेल. मॅथ्यू मकॉनहे आणि अ‍ॅन हॅथवे असूनही तो कोसळतो, कारण खेळाचे नियम मध्यावर बदलतात आणि तोवर आपण लावलेला सगळा हिशेब रद्द होतो.

'लॉक' मोठ्या पडद्यावरच बघायला हवा असं नाही, पण आवाज नीट हवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर इंजिनाच्या घरघरीत अर्धं बोलणं बुडतं, तेव्हा हेडफोन लावा. हार्डीने वेल्श ढब पकडली आहे आणि तो हळू बोलतो. तरी साइटवरचे शब्द निसटतात, सबटायटल चालू ठेवा. मध्ये थांबवून चहा करायला उठू नका. कथेतला वेळ जवळपास घड्याळाबरोबर चालतो, आणि तो ताण तुटला की पुन्हा जमायला बराच रस्ता जावा लागतो.