पीएसपिंग आणि वायरशार्क: व्हीडीआयवर आठ महिने वापरून

ऑफिस अंधेरीला. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, व्हीबी सिक्स या भाषेत लिहिलेलं, आणि त्याचा डेटा ठेवणारा एसक्यूएल सर्व्हर इथेच खालच्या सर्व्हर रूममध्ये. सगळ्यांचे डेस्कटॉप व्हर्च्युअल करून (म्हणजे व्हीडीआय: डेस्कटॉप चालतो तिकडे, आपल्याला इथे फक्त स्क्रीन दिसतो) चेन्नईच्या डेटा सेंटरला नेले आणि दुसऱ्याच दिवशी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अरे, लेजर उघडायला दहा दहा सेकंद लागतायत, दिवसातून शंभर वेळा उघडते मी हे!" व्हेंडर म्हणाला पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, २४ मिलिसेकंद आहे, नेटवर्क ओके, मग लाइन दुप्पट करून दिली, काडीचा फरक नाही.

तेव्हा पीएसपिंग घेतलं. हा वेळ मोजणारं टूल, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं, फुकट, एकच फाइल, इन्स्टॉल करायची भानगड नाही. साधा पिंग आयसीएमपी नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतो, हे थेट टीसीपी कनेक्शन जोडून एसक्यूएल सर्व्हरच्या १४३३ पोर्टवर जातं, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या वाटेने जातं तीच वाट. आणि ते चालवायचं व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या आतून, आपल्या पीसीवरून नाही, कारण माऊस हलतो तो रस्ता वेगळा आणि क्वेरी, म्हणजे सॉफ्टवेअरने सर्व्हरकडे केलेली डेटाची मागणी, जाते तो वेगळा. आतूनही २४च आले. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, चेन्नई हजारेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद तर कुणीच वाचवू शकत नाही.

खरं उत्तर वायरशार्कने दिलं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पॅकेट पकडून (कॅप्चर करून) दाखवणाऱ्या टूलने. १४३३चा फिल्टर लावून मॅडमना एकदाच लेजर उघडायला सांगितलं आणि मोजलं तर ३८० वेळा विचारणा-उत्तर, एकामागून एक, प्रत्येक ओळ वेगळी मागवली जातेय! ३८० गुणिले २४, झाले की ९ सेकंद. सर्व्हर शेजारी होता तेव्हा हे कुणाला जाणवलंच नाही.

त्रासही आहे. पीएसपिंग फक्त कनेक्शन जुळायचा वेळ सांगतं, क्वेरीचा नाही, आणि मध्ये एखादं प्रॉक्सी, म्हणजे दोघांच्या वतीने बोलणारा मधला सर्व्हर, असेल तर तेच उत्तर देऊन मोकळं होतं, आकडा फसवा येतो. सरासरीवर तर अजिबात जाऊ नका, मायनस एच लावून हिस्टोग्राम बघा, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला ते कळतं, आमच्याकडे सकाळी दहाला सगळे लॉगिन करतात तेव्हा मधूनच १८० दिसायचे. वायरशार्कला अॅडमिन राइट्स आणि एनपीकॅप (पॅकेट पकडणारा ड्रायव्हर) लागतं आणि आमचे डेस्कटॉप लॉगऑफ झाले की कोरे होतात, सगळं गायब, म्हणून शेवटी कॅप्चर सर्व्हरच्या बाजूनेच घेतला.

तो कॅप्चर दाखवल्यावर अकाउंट्सचे बारा डेस्कटॉप परत अंधेरीत आणले. मॅडमचं लेजर आता क्लिक केलं की समोर.