मुरघासाची एक टनी बॅग: छोट्या गोठ्याला कितपत कामाची?

मुरघास म्हणजे मक्यासारखा हिरवा चारा बारीक कापून, हवाबंद ठेवून आंबवलेला. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यातल्या बऱ्याच कृषी सेवा केंद्रांत मुरघासाच्या पांढऱ्या बॅगा मिळतात. 500 किलो आणि एक टन हे दोन आकार सर्रास खपतात. बाहेर विणलेलं प्लॅस्टिकचं कापड आणि आत लायनर, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची अखंड पिशवी. दोन ते आठ जनावरांच्या गोठ्याला खड्डा किंवा बांधीव हौदापेक्षा ही बॅगच बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र बॅगेवर छापलेल्या वजनावर विसंबू नये, आणि गोठ्यात दोनच गाई असतील तर एक टनी बॅग घेऊच नये.

याचं कारण बॅग उघडल्यानंतर कळतं. मुरघास टिकतो तो हवा न लागल्यामुळे. तोंड उघडलं की वरच्या थरात यीस्ट आणि बुरशी जोर धरतात, मुरघास गरम होतो आणि त्यातलं सत्त्व जळतं. म्हणून उघड्या तोंडावरून रोज किमान चार इंचांचा थर निघायला हवा, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त निघाला तर उत्तम. चार गाईंना प्रत्येकी 18 किलोप्रमाणे रोज 72 किलो मुरघास लागतो. सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच खड्ड्याच्या तोंडावरून एवढा काढला तर जेमतेम दोन इंचच निघतो, त्यामुळे उरलेलं तोंड दिवसभर तापत राहतं. चार फूट व्यासाच्या एक टनी बॅगेतून तेवढाच काढला तर साडेचार इंच निघतो. दोन गाई असतील तर त्याच बॅगेतून जेमतेम सव्वादोन इंच निघेल. तीन फूट व्यासाच्या 500 किलोच्या बॅगेतून मात्र चार इंच निघतो. दुकानदार मोठी बॅग स्वस्त पडते म्हणून सांगतो. किलोमागे ती स्वस्त पडते हे खरं, पण खराब झालेला थर उकिरड्यावर गेला की तो हिशेब उलटतो.

आता छापील वजनाबद्दल. चांगली तुडवलेली कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, घनफुटाला 15 किलोच्या आसपास बसते. चार फूट व्यासाची आणि पाच फूट भरलेली बॅग म्हणजे साधारण 63 घनफूट, त्यात 940 किलो मावेल. तुडवण्यात हयगय झाली आणि घनफुटाला 12 किलोच बसले, तर तीच बॅग 750 किलोची होते. कमी भरलं एवढ्यावर नुकसान थांबत नाही. जिथे कुट्टी सैल राहते तिथे हवा राहते, आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. चार गाईंना मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत शंभरेक दिवस पुरवायचं तर 7,200 किलो लागतील. थोडी तूट धरून नऊ बॅगा घ्याव्यात. मका बरा साधला तर एवढा माल अर्ध्या एकरात निघतो.

बॅग विकत घेताना कापडापेक्षा लायनरकडे जास्त लक्ष द्या, कारण खरं काम तोच करतो. 100 मायक्रॉनपेक्षा (म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा) पातळ लायनर मक्याच्या धांड्याच्या तिरप्या कापलेल्या टोकांपुढे टिकत नाही. 125 ते 150 मायक्रॉनचा मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. बॅगेपेक्षा लायनर वर किमान दोन फूट लांब असावा, नाहीतर गळा पिळायला जागाच उरत नाही. काही बॅगांना तळाला धान्य सोडायला असतं तसं नळकांडं शिवलेलं असतं. मुरघासाला ते नको. गाठ कितीही आवळली तरी पहिली हवा तिथूनच शिरते, म्हणून सपाट तळाचीच बॅग मागा. चौकोनी बॅग दिसायला नेटकी असते आणि रचायला सोपी पडते, पण कोपऱ्यांत पाय नीट पोचत नाही, म्हणून आमची पसंती गोल बॅगेला. बाहेरचं कापड उन्हाला टिकणारं, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेलं आहे का, हे विचारून घ्या. तसं कापड सावलीत ठेवलं तर दोन-तीन हंगाम चालतं. लायनर मात्र दर वेळी नवाच घालावा.

बॅग कितीही चांगली असली तरी कापणीची वेळ चुकली की मुरघास बिघडलाच. कणीस मधोमध मोडून दाणा पाहा. दाण्याची बाहेरची बाजू घट्ट पिवळी, बुरकुंडाकडची अजून चिकाची, आणि दोन्हींमधली रेष दाण्याच्या मध्यावर आलेली असली की मका तयार समजा. वाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ही वेळ साधारण 80 ते 95 दिवसांनी येते. या वेळी ताटात 65 ते 70 टक्के पाणी असतं. खात्रीसाठी कुट्टीची मूठ भरून अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि हळूच उघडा. बोटांतून रस ठिबकला तर माल फार ओला आहे. गोळा लगेच विस्कटला तर फार कोरडा आहे. तळवा नुसता ओलसर झाला आणि गोळा सावकाश सुटला, तर भरायला घ्या. खरिपाचा मका आपल्याकडे नेमका परतीच्या पावसात कापायला येतो. तेव्हा कापलेली ताटं चार-सहा तास सुकू द्यावीत, आणि पाऊस चालू असताना भरूच नये. फार ओला माल भरला तर तळाशी पाणी साचतं, मुरघासाला कुजल्याचा घाण वास येतो आणि जनावर तोंड फिरवतं. फार कोरडा भरला तर तो दबत नाही आणि बुरशी लागते.

कुट्टी अर्धा ते पाऊण इंचाची हवी. पात्यांची धार गेली की धांडा कापला न जाता चेंदला जातो, लांब दशा निघतात, आणि त्यांच्यात हवा अडकते. म्हणून भरणीआधी पाती घासून घ्यावीत आणि पातं व पट्टी यांच्यातली फट कमी करावी. दोन एचपीच्या छोट्या यंत्रावर दिवसभरात जेवढ्या बॅगा पूर्ण होतील तेवढाच मका कापावा. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. ती मध्येच गेली आणि बॅग अर्धी उघडी राहिली की रात्रीत वरचा थर तापतो. नऊ बॅगा एका झटक्यात भरायच्या असतील तर ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी भाड्याने आणणं शहाणपणाचं.

बॅग जिथे कायम राहणार तिथेच भरायची. भरलेली बॅग ओढली की तळाचा लायनर फाटतोच. खाली खडे नकोत, भुश्शाचा दोन इंच थर अंथरा. चार बांबूंना किंवा लोखंडी कड्याला तोंड बांधून बॅग उभी करा. दर सहा इंचांच्या थराला अनवाणी माणसाने आधी कडेने आणि मग मधे तुडवावं. नुसतं मधे नाचून भागत नाही, सैलपणा कडेलाच राहतो. शेवटी लायनरमधली हवा दाबून काढा, गळा पिळून उलटा दुमडा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधा. वर वाळूची गोणी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस बॅग फुगते. तो आंबण्याचा वायू असतो, आपोआप ओसरतो. वायू काढायला म्हणून भोकं पाडू नका, पुढे हवा त्याच भोकांतून आत जाते.

गूळ, मीठ, कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) यांची यादी दुकानात हातात पडते. योग्य वेळी कापलेल्या मक्यात साखर पुरेशी असते, त्याला गुळाची गरज नाही. टनाला 5 किलो युरिया मिसळला तर प्रथिनं वाढतात हे खरं, पण हाताने तो सारखा पसरत नाही आणि एखाद्या जनावराच्या वाट्याला ढेकूळ आलं तर विषबाधा होते. छोट्या गोठ्याने त्या वाटेला जाऊ नये. फुले जयवंतसारख्या नेपियर गवताचा मुरघास करायचा तर गोष्ट वेगळी. त्यात पाणी जास्त आणि साखर कमी असते, म्हणून एक दिवस सुकवून टनाला 10 ते 20 किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडावा.

बॅग 45 दिवस मुरू द्यावी. उंदीर आणि कावळे हे या बॅगेचे खरे वैरी आहेत, आणि इथे पक्का हौद बॅगेपेक्षा सरस ठरतो. आठवड्यातून एकदा चहूबाजूंनी फिरून पाहा आणि भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा. वरून शेडनेट किंवा गोणपाट टाका, आजूबाजूला गवत वाढू देऊ नका. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस-गोड वासाचा असतो. बुरशीचा भाग हाताने बाजूला सारून उरलेला चारू नये, त्याच्या आजूबाजूचाही थर काढून टाकावा. गाभण गाईला तर शंकेचा मूठभरही देऊ नये.

पहिल्या दिवशी तीन-चार किलोच द्या आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर या. धार काढल्यावर गव्हाणीत टाकावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही. मक्याच्या मुरघासातल्या कोरड्या भागात, म्हणजे पाणी वगळून जे उरतं त्यात, प्रथिनं सात-आठ टक्केच असतात. त्यामुळे लसूणघास किंवा सरकी पेंड, सोबत चार-पाच किलो कडबा किंवा भुस्सा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण लागतंच. मुरघास आला म्हणून पेंड बंद केली की दूध उतरतं आणि दोष मात्र बॅगेला लागतो.

ज्यांच्याकडे पाणीच नाही, नांदगाव-येवल्याच्या कोरड्या पट्ट्यात, त्यांना मुरघासाचा तयार, प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळलेला गठ्ठा घ्यावाच लागतो. तो किलोच्या भावाने नव्हे, कोरड्या भागाच्या भावाने तोलून घ्या. समजा भाव 7 रुपये किलो आहे. 70 टक्के पाणी असेल तर कोरडा चारा 23 रुपयांना पडतो, आणि 78 टक्के असेल तर त्याच भावात 32 रुपयांना. गाडी उतरवण्याआधी एक गठ्ठा फोडून मूठ दाबून पाहा, वास घ्या आणि दाणे फुटलेले आहेत का ते बघा. अख्खे दाणे शेणातून तसेच बाहेर पडतात. बाहेरची फिल्म फाटलेले गठ्ठे परत करा. वाहतुकीत एखादा फाटलाच असेल तर तो थप्पीत लावू नका, त्याच दिवशी चारायला काढा.