चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस: पिकअप आणि उसाच्या ट्रॉलीवर एक हंगाम वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर पिकअपच्या पुढच्या चाकांत लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं ग्रीस भरलं. त्याच डब्यातलं उसाच्या ट्रॉलीलाही लावलं. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, दोन्हींचे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) उघडून पाहिले. पिकअपला हे ग्रीस बिनधास्त घ्या, ट्रॉलीला जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

आधी गावातल्या दुकानातून सुटं लाल ग्रीस आणायचो. दुकानदाराचं म्हणणं, लाल म्हणजे हाय टेम्परेचर. रंगावर काही नसतं हो, कंपनी टाकेल तो रंग. केजहून लातूरच्या मोंढ्याला माल भरून, एप्रिल-मेच्या उन्हात, वर डिस्क ब्रेकची आग. त्या लाल ग्रीसचं तेल सुटून सीलमधून बाहेर आलं आणि रिमच्या आतल्या अंगाला काळे ओघळ धरले. हबला हात लावला तर चटका बसायचा.

डब्यावर बघायचं ते साबण कोणता. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. साध्या कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण साधारण ६० अंशांपुढे त्याचा भरवसा नाही. सोडियमचं उष्णता सोसतं, मात्र पाण्यात धुऊन जातं. लिथियम दोन्हीकडे बऱ्यापैकी टिकतं, त्याचा ड्रॉपिंग पॉइंट १८० अंशांच्या वर असतो. लिथियम कॉम्प्लेक्सचा २५० च्या आसपास. हा आकडा ग्रीस थेंब होऊन गळायला लागतं तिथला आहे, चाक तिथवर तापलं तरी चालेल असा त्याचा अर्थ लावू नका. रोजच्या वापराची मर्यादा बरीच खाली असते. डब्यावर ‘जीसी-एलबी’ छापलेलं असेल तर सोन्याहून पिवळं: ‘जीसी’ चाकाच्या बेअरिंगसाठीची सगळ्यात वरची पायरी, ‘एलबी’ चासीसाठीची.

आणि नंबर. आमच्याकडे तीन नंबर म्हणजे दोन नंबरपेक्षा भारी माल, असं भलेभले मेस्त्री सांगतात. नंबर फक्त घट्टपणाचा आहे, ००० म्हणजे पातळ आणि ६ म्हणजे वडीसारखं कडक. चाकाला दोन किंवा तीन, गाडीच्या पुस्तकात असेल तो. काळं मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं) ग्रीस किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला), ट्रॉलीच्या हुकाला उत्तम. फिरत्या बेअरिंगला त्याची तेवढी गरज नाही.

भरताना जुनं ग्रीस डिझेलने पार धुऊन, बेअरिंग पूर्ण सुकवून घेतलं. दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र झाली की कधीकधी पातळ होऊन वाहतात. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, रोलरच्या फटींतून वरच्या बाजूने ग्रीसच्या वळ्या निघेपर्यंत. हब मात्र गच्च भरायचा नाही, आतली जागा अर्ध्यापर्यंत पुष्कळ झाली. ठासून भरलं तर ग्रीस नुसतं घुसळत राहतं आणि चाक त्यानेच तापतं. नट चाक फिरवत आवळायचा, मग थोडा सैल करायचा, स्प्लिट पिन नवीच. (ज्यांच्या गाडीला सीलबंद हब आहे त्यांनी यातलं काहीच करायचं नाही. ते खराब झालं की अख्खंच बदलतात.)

आता उघडल्यावर काय दिसलं ते. पिकअपच्या रोलरवर ग्रीस चिकटून होतं, रंग किंचित काळवंडलेला, बोटांत चोळलं तर कच लागली नाही. रोलरला निळसर झाक नाही, म्हणजे ते जास्त तापले नव्हते, सील कोरडं. ट्रॉलीत वेगळीच गंमत. एका चाकात ग्रीस ताकासारखं पांढरट झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. ऊसतोडीच्या फडात पाणी सुटलेल्या सरीतून ट्रॉली काढताना चाक हबापर्यंत काळ्या रानात बसतं, आणि त्या चाकाचं ऑइल सील कडक होऊन चिरलेलं होतं. बाकीच्या चाकांत ग्रीस ठीक, पण तिथे साधं लिथियम तीन नंबर वापरलं असतं तरी एवढंच टिकलं असतं. भरली ट्रॉली रांगत जाते, हब तापतो कुठे?

किंमत साध्या लिथियमच्या जवळपास दीडपट पडली, आणि केजला मिळालं नाही, लातूरहून आणावं लागलं. पुढच्या हंगामाला पिकअपला हेच. ट्रॉलीला साधं लिथियम, आणि वाचलेल्या पैशात चारही चाकांची नवी सीलं.