पिनांची बॅग, कुलुपी फिरक्या आणि लॅनयार्ड : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

डिस्नीच्या पिना म्हणजे इनॅमलचा रंग भरलेले, टोचून लावायचे धातूचे छोटे बिल्ले. हौशी लोक त्या जमवतात आणि आपापसात किंवा पार्कमधल्या कर्मचाऱ्यांशी त्यांची अदलाबदल करतात. त्यासाठी लागणाऱ्या सामानाबद्दल हे लिहितोय. वापरात काय होतं ते आधी. खांद्याला अडकवायची झिपवाली पिन-बॅग, आत फेल्टची सहा पानं, प्रत्येक पान साधारण २० बाय २८ सेंटिमीटर. पिनेला मागून अडकवायच्या तीन जातींच्या फिरक्या आणि एक रुंद पट्टीचा लॅनयार्ड, म्हणजे पिना लावून गळ्यात घालायचा पट्टा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅनाहाइमला झालेलं डी२३ चं, म्हणजे डिस्नीच्या अधिकृत चाहता-क्लबचं, तीन दिवसांचं संमेलन, त्याच्या आगेमागे डिस्नीलँडच्या फेऱ्या, आणि पुढचा सगळा काळ मुंबईतल्या कपाटात, एक अख्खा पावसाळा धरून. पिना १८० च्या आसपास.

थेट सांगायचं तर बॅगेवर जेवढा खर्च करायची तयारी असते, त्याच्या निम्मा विचार फिरक्यांचा केला तरी बरंच नुकसान टळेल. कुडीची फिरकी सैल झाली की काय होतं ते घराघरात माहीत आहे, पिनेचंही तेच. पिनेच्या पाठीला डाख देऊन बसवलेली खुंटी असते, सुमारे ८ मिलिमीटर लांब, टोकाशी बारीक खाच. शेजारी एक आखूड बोंड असतं, ते पिन गरगरू नये म्हणून. सगळी पकड या खुंटीवर.

पिनेबरोबर येणारी मिकीच्या डोक्याच्या आकाराची रबरी फिरकी अदलाबदलीसाठी उत्तम. एका हाताने निघते, एका हाताने बसते. पण वीसेक वेळा काढ-घाल झाली की भोक सैल पडतं, आणि लॅनयार्डवर शर्टाला घासून ती हळूहळू मागे सरकते. पडते ती अर्थातच गर्दीत. सैल झालेली ओळखायची खूण सोपी: पिन उलटी धरून बोटाने टिचकी मारायची, फिरकी जागची हलली तर टाकून द्यायची, परत डबीत टाकायची नाही. पितळी फुलपाखरी फिरकीबद्दल फार लिहीत नाही. तिचे पंख दाबून काढताना फेल्ट ओरबाडलं जातं आणि धारेचे ओरखडे समोरच्या पिनेवर उठतात.

कुलुपी फिरक्या दोन तऱ्हेच्या. पहिलीत आत स्प्रिंग आणि बारीक छर्रे असतात; वरची टोपी खुंटीच्या दिशेने सरळ ओढली की पकड सुटते. दुसरीत बाजूने एक चिमुकला स्क्रू असतो, तो ॲलन कीने (छोट्या षटकोनी चावीने) आवळायचा. दुसरी जास्त पक्की, यात वाद नाही. पण की हरवली की सगळं संपलं, आणि जोर लावून आवळलं तर खुंटीवर खड्डा पडतो. पुढच्या मालकाला तो दिसतो आणि तो विचारतोच. स्क्रू टेकल्याचं जाणवलं की आणखी पाव फेरा, बस्स.

छऱ्यांच्या फिरकीची खरी अडचण वेगळीच आहे आणि डबीवर ती कुठे लिहिलेली नसते. खुंटी लांब आणि फेल्टचं पान पातळ असेल तर खुंटीचं टोक टोपीच्या तळाला टेकतं आणि फिरकी कापडापर्यंत पोचतच नाही. मग पिन लुळी लोंबते, शेजारणीवर आपटते. यावर उपाय म्हणजे जाड फेल्टची रुपयाच्या नाण्याएवढी चकती कापून, मधे भोक पाडून, पान आणि फिरकी यांच्यामध्ये घालायची. एका पिनेला एक पुरते. पान अगदीच पातळ असेल तर दोन.

आणि स्वस्तातली कुलुपी फिरकी कधीतरी अशी होते: टोपी ओढली की टोपीच हातात येते, आतली चकती खुंटीला तशीच चिकटलेली. इथे बहुतेक जण पिन डाव्या-उजव्या बाजूला हलवून काढायला जातात आणि डाख तुटतो. असं करायचं नाही. पिनेचा चेहरा दुमडलेल्या मऊ कापडावर खाली करून ठेवायचा, निमुळत्या पक्कडीने आतली चकती फक्त धरायची (दाबायची नाही), किंचित गोल फिरवत सरळ वर खेचायची. छर्रे एकेक करून बाहेर पडतात आणि ती सुटते. चौदा महिन्यांत पन्नासपैकी चार फिरक्यांची टोपी अशी निघाली, चारही एकाच स्वस्त पाकिटातल्या. डाख तुटलेली पिन परत जोडता येते. पण जोडाचा ठसा पाठीवर राहतो, आणि मर्यादित आवृत्तीच्या पिनेची पाठ पाहणारे लोक चेहऱ्याआधी पाठच पाहतात.

कुलूप पक्कं तेवढा व्यवहार संथ, हे मात्र धरूनच चालायचं. ॲलन कीने तीन पिना सोडवेपर्यंत समोरचा माणूस पिना मांडलेल्या पुढच्या बोर्डाकडे वळलेला असतो. म्हणून वाटणी अशी: द्यायच्या पिनांना रबरी, ठेवायच्या पिनांना छऱ्यांची, आणि गळ्यात मिरवायच्या एक-दोन पिनांनाच स्क्रूची. शिवाय डबीत तीस-चाळीस सुट्या रबरी फिरक्या हव्यातच. डिस्नीच्या नियमाप्रमाणे पिन मागे फिरकी लावूनच हातात द्यायची असते, उघडी खुंटी पुढे करायची नाही. आपली कुलुपी काढून घेतली तर बदली रबरी आपणच लावायची.

आता बॅग. शिलाई, झिप, खांद्याचा पट्टा यांना नाव ठेवायला जागा नाही. वजनाचा हिशोब आधी करावा: मध्यम आकाराची पिन सुमारे १२ ग्रॅमची, म्हणजे १८० पिनांचे दोन किलोच्या वर, आणि बॅग धरून तीन किलोंजवळ. दुपारी तीननंतर खांदा सांगतो. चुकलंय ते पानांमध्ये. दोन्ही बाजूंना पिना लावायची सोय आहे असं सांगून विकतात, पण एका पानाच्या पिनांचे चेहरे दुसऱ्या पानाच्या चेहऱ्यांवर घासतात. हार्ड इनॅमलमध्ये रंग आणि धातूच्या रेषा घासून एका पातळीत आणलेल्या असतात, त्यामुळे केसाएवढा ओरखडाही उजेडात तिरकं धरलं की चमकतो. सॉफ्ट इनॅमलमध्ये रंग रेषांच्या खाली असतो, तिथे धातूच्या कडा आधी झिजतात. वरून पारदर्शक इपॉक्सीचा थर असलेल्या पिनेची अवस्था सगळ्यात वाईट. दर दोन पानांमध्ये ३ मिलिमीटरचा पांढरा फोमचा तक्ता घातला की प्रश्न सुटतो. बॅग मात्र मग सहाऐवजी पाचच पानांची होते. फिरणारे, सरकणारे किंवा खाली लोंबते भाग असलेल्या पिना पानावर लावूच नयेत. त्या वेगळ्या कप्प्यात, एकेक कागदात.

पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांची पानं वेगळी घ्यायची असतील तर मऊ पीव्हीसी टाळावं. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य उन्हाळ्यात पाझरतं आणि इनॅमल चिकट होतं. मे महिन्यात मुंबईत दोन पिना अशा खिशाला चिकटल्या होत्या. निघाल्या, पण चमक गेली. पावसाळ्यात गंजाची भीती लोखंडी पत्र्यावर ठोकलेल्या पिनांना, आणि गंज नेहमी खुंटीच्या बुडाशी सुरू होतो, कारण तिथे मुलामा पातळ आणि फेल्ट दमट. बॅगेत सिलिका जेलच्या चार पुड्या, महिन्याने बदलून. बॅग भिंतीला लागलेल्या कपाटात उभी ठेवायची नाही. पुसायला कोरडं मायक्रोफायबर. पितळेच्या भांड्यासारखी चिंच किंवा पॉलिश लावून घासलं तर चकाकी येत नाही, मुलामाच निघतो. नेलपॉलिश रिमूव्हरने सॉफ्ट इनॅमलचा रंग उतरतो.

लॅनयार्डचं काम दाखवायचं, साठवायचं नाही. बारा ते पंधरा पिनांपुढे मान धरते आणि पट्टी पिळते. दोन टोकांना हूक असलेला घ्यावा, एकाच हुकाचा सारखा फिरून पिना पाठमोऱ्या होतात. कर्मचाऱ्यांशी अदलाबदल करायला हाच कामाचा. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये सहस्रक सोहळ्याबरोबर ही प्रथा सुरू झाली तेव्हापासून पार्कमधले कर्मचारी गळ्यात पिना घालतात. एका कर्मचाऱ्याकडून किंवा एका बोर्डावरून दिवसाला जास्तीत जास्त दोन, पिन धातूची, पाठीवर डिस्नीचं कॉपीराइट चिन्ह, आणि पैशांचा व्यवहार नाही. समोरच्याच्या लॅनयार्डवरची पिन स्वतः हात लावून काढायची नाही, बोट दाखवून विचारायचं.

बॅगेतला क्रम व्यवहारावर परिणाम करतो. पहिलं पान साध्या, अमर्याद काढलेल्या पिनांचं. दुसरं-तिसरं ‘हिडन मिकी’ (चित्रात मिकीच्या डोक्याची छोटी खूण लपवलेल्या) आणि मोजक्या काळापुरत्या आलेल्यांचं. चौथ्यावर मर्यादित आवृत्त्या. ‘नॉट फॉर ट्रेड’ पिना पाचव्या पानावर, आणि ते पान संमेलनात नेऊच नये हे उत्तम. ज्या द्यायच्या नाहीत त्या दाखवत बसणाऱ्याचा बोर्ड लोक दुसऱ्यांदा बघत नाहीत.

मर्यादित आवृत्तीच्या किती प्रती काढल्या तो आकडा पाठीवर असतो. इमॅजिनियरिंगच्या, म्हणजे डिस्नीचे पार्क आखणाऱ्या विभागाच्या, दुकानातल्या पिना बऱ्याचदा २५० किंवा ३०० च्या. पण ३०० ला ३०० हा बरोबरीचा व्यवहार झाला असं समजू नये. स्टिच किंवा फिगमेंट अशा लाडक्या पात्राची ५०० ची पिन एखाद्या विसरलेल्या पात्राच्या २५० च्या पिनेपेक्षा लवकर उठते. ज्या कार्डावर पिन आली ते कार्ड जपावं. बॅगेच्या मागच्या कप्प्यात चाळीसएक कार्डं सपाट राहतात, ही या बॅगेची खरंच चांगली सोय.

नकली पिना, म्हणजे ‘स्क्रॅपर’, ओळखायला बॅगेत दहापट भिंग ठेवावं. बघायचं ते असं: रंगात टोचल्यासारखे खळगे, कुठे रंग भरायचाच राहिलेला, कड बोटाला खरखरीत, पाठीवरची अक्षरं मऊ पडलेली. पाठीवर मिकीच्या डोक्यांची नक्षी असेल तर ती काठापर्यंत जाऊन कापली गेली आहे की आत कोरी किनार ठेवून थांबली आहे ते पाहावं. कोरी किनार ही संशयाची खूण, पण एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये. वजन आणि रंगछटा अस्सल प्रतीशी ताडून बघायची. शंभरच्या गठ्ठ्याने, पिनेमागे डॉलरभर दराने मिळणारा माल जवळजवळ सगळा याच जातीचा. साधी पिन दुकानात त्याच्या कितीतरी पट महाग असताना तो भाव येतो कुठून, एवढं विचारलं तरी पुरे.

हाच संच सिएटलच्या पॅक्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या संमेलनातही चालेल. तिथल्या ‘पिनी आर्केड’ पिना २०१२ पासून निघतात, खुंटी-फिरकीची पद्धत तीच. फक्त तिथे व्यवहार बहुतेक उभ्याउभ्या होतात. गुडघ्यावर बॅग उघडून बसायला जागा शोधावी लागते आणि मार्गिकेत बसलं की उठवतात. अशा ठिकाणी बॅगेऐवजी ३० बाय ४० सेंटिमीटरचा फोमबोर्ड, वर फेल्ट ताणून मागे टाचण्यांनी टाचलेलं, जास्त सोयीचा.

विमानात बॅग केबिनमध्येच न्यावी. एक्स-रेमध्ये दोन किलो धातूचा गच्च ठोकळा दिसतो, त्यामुळे उघडायला लावतात. ट्रेमध्ये आडवी, झिप वरच्या बाजूला ठेवली की पानं उलटून दाखवणं सोपं जातं. ॲलन की पट्ट्याच्या कडीला बांधलेली असावी.