सिलेक्ट स्टार की नेमके रकाने?

डेटाबेसमधून माहिती मागवायच्या एसक्यूएल भाषेत ‘सिलेक्ट’ने रकाने निवडतात; स्टार (*) म्हणजे सगळे रकाने. उदाहरणाला सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान घ्या. ‘सौदे’ टेबलात शेतकरी, गाव, पोती, वजन, दर असे वीसेक रकाने. ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम सौदे’ लिहिलं की सगळंच समोर येतं. टेबल अनोळखी असेल तर मीही आधी हेच करतो. मात्र मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर शेवटी ‘लिमिट 10’ लावा, म्हणजे दहाच ओळी येतील.

रोजच्या कामाला मात्र ‘सिलेक्ट शेतकरी, वजन, दर फ्रॉम सौदे व्हेअर गाव = 'तासगाव'’ हेच लिहा. नको ती माहिती नेटवर्कवरून ओढली जात नाही. उद्या कुणी मध्येच हमालीचा रकाना घातला, तरी रकान्यांच्या क्रमावर विसंबलेला रिपोर्ट बिघडत नाही. माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण. व्हेअर दोन्हीकडे चालतो हं, पण तो ओळी गाळतो, रकाने नाही.