महालक्ष्मी रेसकोर्स : अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

दुर्बिणीची एक काच आतून धुरकटली. दुरुस्तीला दुकानदाराने नव्या दुर्बिणीएवढे पैसे सांगितले, ते मी दिले नाहीत. लांबचं दिसणारच नव्हतं, म्हणून पॅडॉकच्या कठड्याला जाऊन उभा राहिलो. नोव्हेंबरपासून जात होतो, पण खरी मजा त्या दिवशी कळली.

रेसआधी सईस घोड्यांना तिथे गोल फिरवतात. मानेवरच्या तटतटलेल्या शिरा, तोंडाशी लगामावर साचलेला फेस, सगळं अगदी जवळून दिसतं. एखादा घोडा पळण्याआधीच घामाने निथळत असेल तर जुने रेसवाले त्याच्यावर पैसे लावत नाहीत. मग ट्रेनर जॉकीचा पाय गुडघ्याखाली धरतो आणि एका झटक्यात त्याला खोगिरावर चढवतो. हे बघायला मी आता प्रत्येक रेसआधी स्टँडमधली जागा सोडतो.

ही महागडी करमणूक आहे, असं माझं डिसेंबरपर्यंत ठाम मत होतं. जीएसटी जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर बसतो, ही चीड आजही आहे. पण पैसे न लावताही दुपार वसूल होते, म्हणून मत बदललं.

मुंबईच्या रेस आधी भायखळ्याला व्हायच्या. 1883 मध्ये त्या इथल्या दलदलीच्या जमिनीवर आल्या. आखणी मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सवरून घेतलेली. इंडियन डर्बी, म्हणजे इथली सगळ्यात मानाची रेस, 1943 पासूनची, अंतर 2400 मीटर, आणि पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने मारली. फेब्रुवारीतल्या डर्बीला पॅडॉकपाशी शिरायलाही जागा नसते, तेव्हा लवकर पोचा.

2024 च्या निर्णयानुसार रेसकोर्सची 120 एकर जागा पालिकेच्या बागेसाठी आणि 91 एकर रेस भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे. बाग व्हावी, मुंबईला ती हवीच आहे. पण मधल्या मैदानात उंच काहीही उभं करू नये. पलीकडच्या बाजूचे घोडे स्टँडमधून दिसतात ते मध्ये काही आड येत नाही म्हणूनच. तिथे बांधकाम झालं, तर निम्मी रेस पडद्यावर बघावी लागेल, आणि पडद्यावर बघायला मी घरीच बसेन.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पहिल्या दोन रेसना पैसे लावूच नयेत. पॅडॉकला उभं राहून नुसते घोडे बघावेत.